योग म्हणजे जोडणं की सोडवणं? (सांख्य वाचताना झालेला घोळ)

सात_बेचाळीसची_फास्ट:
मंडळी मदत हवीये. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये सकाळी सहाला योगाचा क्लास असतो, २१ जूनच्या उत्साहात नाव घातलं आणि चक्क टिकले. ताई शेवटी शवासनात रोज सांगतात की योग म्हणजे जोडणं, युज् धातू, आत्म्याचं परमात्म्याशी मीलन. ऐकायला छान वाटतं, तेव्हा अर्धी झोपच लागलेली असते. पण मध्ये गुडघा दुखावला म्हणून पंधरा दिवस घरी होते, तर म्हटलं मुळात काय लिहिलंय ते तरी वाचू. पतंजलीची योगसूत्रं उघडली तर दुसऱ्याच सूत्रात योगश्चित्तवृत्तिनिरोधः, म्हणजे थांबवणं, जोडण्याचं नावच नाही. शेवटच्या पादाचं नाव कैवल्य, म्हणजे केवळ असणं, एकटं असणं?? मग ओळखीतल्या एका काकांनी सांगितलं की आधी सांख्य वाच त्याशिवाय योग कळणार नाही. म्हणून सांख्यकारिका (सांख्य दर्शनाचा जुना ग्रंथ, कारिका म्हणजे त्यातले श्लोक) घेतली तर तिथे सरळच म्हटलंय की पुरुष वेगळा प्रकृती वेगळी, हा फरक कळला की सुटलात.
मग हे जोडणं आहे की सोडवणं? की मीच चुकीचं वाचतेय? संस्कृत दहावीपर्यंत, तेही स्कोअरिंग म्हणून घेतलेलं, त्यामुळे कृपया सोपं लिहा.

शंकासुर:
ताईंना विचारू नका, क्लासमधूनच सोडवणूक व्हायची.

घनपाठी:
तुम्ही बरोबर वाचताय. युज् धातू एक नाही, पाणिनीच्या धातुपाठात दोन आहेत (आत्ता पुरते दोन धरा). एक युजिर् योगे, म्हणजे जोडणे, यातूनच आपलं संयोग, नियुक्त वगैरे. दुसरा युज समाधौ, म्हणजे चित्त एकाग्र होणे. पहिल्याच सूत्रावर व्यासभाष्य, म्हणजे योगसूत्रांवरची जुनी टीका, म्हणतं योगः समाधिः, आणि नंतरचा टीकाकार वाचस्पती मिश्र त्यावर खुलासा करतो की इथे समाधी अर्थाचा युज् घ्यायचा, जोडण्याचा नाही. म्हणजे हा घोळ त्याच्याही काळी लोक घालत असणार, नाहीतर मुद्दाम सांगायची काय गरज.
आणि गंमत म्हणजे धारचा भोजराजा, अकराव्या शतकातला, त्याने योगसूत्रांवर वृत्ती लिहिलीये. तिच्या सुरुवातीला तो पतंजलीचं कौतुक करतो की काय अपूर्व बोलणं आहे या मुनीचं, पुरुष आणि प्रकृतीच्या वियोगालाच हा योग म्हणतो! पुंप्रकृत्योर्वियोगोऽपि योग इत्युदितो यया. तुमचा प्रश्न हजार वर्षं जुना आहे म्हणून लाजू नका.
गीतेतही सहाव्या अध्यायात २३वा श्लोक बघा, दुःखसंयोगवियोगं योगसंज्ञितम्. दुःखाशी जो संयोग झालाय त्याचा वियोग, त्याचं नाव योग.

सात_बेचाळीसची_फास्ट:
अरे वा. म्हणजे योग म्हणजे एक प्रकारचा घटस्फोट 😄 पण कोणाचा कोणापासून? आत्मा शरीरापासून असंच ना? ते तर लहानपणापासून ऐकलंय, त्यात नवीन काय.

रानमेवा:
नाही, इथेच सगळे घसरतात, मीपण कित्येक वर्षं घसरलेलो होतो. आपण काय धरून चालतो, की एकीकडे शरीर, हाडामांसाचं, आणि दुसरीकडे मन, विचार, मी. सांख्य रेघ तिथे ओढतच नाही. रेघ बरीच वर ओढतं. शरीर प्रकृतीत, इंद्रियं प्रकृतीत, मन प्रकृतीत, अहंकार म्हणजे ज्याला मी म्हणतो तोही प्रकृतीत आणि सगळ्यात कहर म्हणजे बुद्धीसुद्धा प्रकृतीत. हे सगळं जड. दगड जितका जड तितकंच, फक्त बारीक दळलेलं.
हिशोब असा आहे (सांख्य नावच संख्येवरून आलंय असं म्हणतात त्यामुळे मोजणी आलीच). मूळ प्रकृती एक, तिच्यातून महत् म्हणजे बुद्धी, बुद्धीतून अहंकार. अहंकारातून दोन फाटे फुटतात, एकीकडे मन, पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं अशी अकरा, दुसरीकडे पाच तन्मात्रा म्हणजे शब्द स्पर्श रूप रस गंध यांची सूक्ष्म रूपं, आणि त्या तन्मात्रांमधून पाच महाभूतं. झाली चोवीस. पंचविसावा पुरुष, तो यातल्या कशातून निघत नाही आणि त्याच्यातूनही काही निघत नाही, नुसता बघणारा.
म्हणजे माती आणि माझा राग हे एकाच घराण्यातले, आणि मी म्हणजे या दोघांना बघणारा. हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं तेव्हा मी दोन दिवस बावचळलो होतो.
मराठीत तर आपण रोज सांख्यच बोलतो हो. काय प्रकृती कशी आहे, असं विचारतो ना? कोणी पुरुष कसा आहे असं विचारत नाही. कारण बिघडायचं ते प्रकृतीचंच बिघडतं.

आंबोळी:
थांबा थांबा. पुरुष म्हणजे नुसता बसून बघणारा, आणि सगळं काम करणारी, पसारा मांडणारी, आवरणारी ती प्रकृती. हे दर्शन आहे की आमच्या घरचं रविवारचं दृश्य?
पण मस्करी सोडा, मला हे खरंच खटकतं. चेतन तो पुरुष आणि जड ती बाई असंच का?

घनपाठी:
रास्त प्रश्न. इथला पुरुष शब्द लिंगवाचक नाही, तुमच्यातल्या पुरुषाचा जो अर्थ तोच आमच्यातल्याचा, बाईचं शरीर आणि बाप्याचं शरीर दोन्ही प्रकृतीच. पण रूपकं मात्र बायकी आहेत हे कबूल करायला हवं. ५९व्या कारिकेत प्रकृती ही नर्तकी, रंगमंचावर नाच दाखवून झाला की निवृत्त होते. ६१व्यात तर तिच्याइतकं लाजाळू कोणी नाही, एकदा पाहिलं गेलंय हे कळलं की पुन्हा त्या पुरुषाच्या नजरेला पडत नाही. लिहिणारे पुरुष होते, त्यांना जी उदाहरणं सुचली ती सुचली.
तुमच्या बाजूचा एक मुद्दा देतो. ६२वी कारिका म्हणते की पुरुष बांधलाही जात नाही आणि सुटतही नाही, बांधली जाते प्रकृती आणि सुटतेही प्रकृतीच. म्हणजे सगळं नाटक, नाटकातलं दुःख, आणि शेवटची सुटका, तीन्ही तिचीच.

आंबोळी:
म्हणजे श्रेय तरी आम्हाला. चालेल.

सात_बेचाळीसची_फास्ट:
मला बुद्धी जड हे अजून पचलं नाहीये. बुद्धी विचार करते ना? जड वस्तू विचार कसा करेल?

रानमेवा:
करते, पण तिला ते कळत नाही. आता फोनमधला एआय बघा, उत्तरं देतो, निवड करतो, पण आत कोणी जाणणारं आहे का? सांख्यवाल्याला हे दाखवलं असतं तर तो अजिबात दचकला नसता, म्हणाला असता बरोबर आहे, बुद्धी प्रकृतीचीच असते. (हे माझं म्हणणं, ग्रंथात शोधू नका.)
वाचस्पतीने एक दाखला दिलाय तो घ्या. गावाचा मुख्य घराघरातून सारा गोळा करतो, तो वरच्या विभागाच्या अधिकाऱ्याला देतो, तो सर्वाध्यक्षाला आणि सर्वाध्यक्ष राजाला. आपल्या भाषेत तलाठी, तहसीलदार, कलेक्टर. इंद्रियं म्हणजे तलाठी, बाहेरून आलेलं नुसतं उचलतात. मन त्याची छाननी करतं, हे काय आहे, असं की तसं. अहंकार त्यावर शिक्का मारतो की हे प्रकरण माझं आहे. बुद्धी निर्णय करते आणि तयार फाईल पुरुषासमोर ठेवते. पुरुष सहीसुद्धा करत नाही. पण त्याच्या उजेडाशिवाय ही अख्खी कचेरी अंधारात.
तुमच्या आयडीवरून ट्रेनचं उदाहरण देतो. गर्दीत कोणाचं कोपर लागलं आणि कानावर पडलं, आंधळी आहे का. इथपर्यंत तलाठी. मन म्हणालं आवाज उजवीकडून आला, चिडका आहे. अहंकार म्हणाला मला म्हणाली!! बुद्धीने ठरवलं आता हिला दाखवतेच. यात शिक्का मारायचं टेबल नीट बघा, सगळी गडबड तिथे होते.

शंकासुर:
छान कचेरी आहे पण मला राजाच संशयास्पद वाटतो. जो काही करतच नाही त्याच्यासाठी जड प्रकृती एवढा खटाटोप करते का? तुमच्या कारिकेत आंधळा आणि पांगळा असा दाखला आहे, पांगळा खांद्यावर बसून वाट दाखवतो आणि आंधळा चालतो, २१वी कारिका. पण आंधळा आणि पांगळा दोघंही शुद्धीवर असतात, बोलून ठरवतात. इथे एकाला अक्कल नाही आणि दुसऱ्याला तोंड नाही, मग करार केला कोणी?
आणि वासरासाठी गाईचं दूध आपोआप सुटतं तशी प्रकृती पुरुषासाठी सुटते, हा ५७व्यातला दाखला. पण गाय जिवंत असते हो, तिला माया असते म्हणून पान्हा फुटतो. ब्रिटानियाचं पाकीट ठेवा वासरासमोर, येतोय का पान्हा.

घनपाठी:
तुम्ही नकळत शंकराचार्यांची बाजू मांडलीत. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच आक्षेप आहेत, गाय चेतन आहे आणि वासराच्या ओढीने दूध येतं हेसुद्धा. आचार्यांनी सांख्याला प्रधानमल्ल धरलंय, म्हणजे मुख्य पैलवान, याला चीत केलं की बाकीचे आपोआप हरले. प्रधान हे प्रकृतीचंही नाव, त्यामुळे कोटी पण झाली. आणि त्याच अध्यायात एतेन योगः प्रत्युक्तः, याच न्यायाने योगही खोडला गेला, असं एका सूत्रात उरकलंय.
सांख्याकडे याला पूर्ण समाधानकारक उत्तर आहे असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही. चाळीस वर्षं वाचून हे सांगतोय. पण दुखणं कुठे आहे हे दाखवण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही.

माळकरी:
राम कृष्ण हरी. थोडं आमच्या बाजूनं बोलतो. सांख्याला पुरुष अनेक लागतात, कारण एक मेला म्हणून सगळे मरत नाहीत, एकाला दिसलं म्हणून सगळ्यांना दिसत नाही, १८व्या कारिकेत ही कारणं दिलीत. आम्हाला हे मानवत नाही. आणि वियोग तर मुळीच मानवत नाही. माउलींचा अमृतानुभव उघडा, पहिलंच प्रकरण शिवशक्तीचं, तिथे हेच जोडपं आहे पण सोडवायचंच नाहीये. दोन दिवे असले तरी उजेड एकच, दोन फुलं असली तरी वास एकच, असे दाखले एकामागून एक. मूळ सांख्यात नवऱ्यानं बायकोला ओळखलं की ती निघून जाते, आणि आमच्या माउलीकडे ओळखलं की दोघं दोन नव्हतेच हे कळतं. तुमच्या क्लासच्या ताई मीलन म्हणतात ते इकडून आलेलं असणार, पतंजलीकडून नाही. चूक नाही पण घर वेगळं.

सात_बेचाळीसची_फास्ट:
हे फार आवडलं. म्हणजे ताई वेदान्ताचं वाक्य पतंजलीच्या नावावर खपवतात. सांगू का त्यांना? 🙈

बे_एरियातला_बाळू:
लेट आलो. इकडे आमच्या योगा स्टुडिओत सत्त्व बाऊल मिळतो १८ डॉलरला, किन्वा आणि अवोकाडो. कांदा लसूण तामसिक. गुणांचं कोणीतरी नीट सांगा ना, सात्त्विक चांगलं तामसिक वाईट एवढंच आहे का?

आंबोळी:
१८ डॉलर? आमच्याकडे नाचणीसत्त्व मिळतं की.

रानमेवा:
आंबोळीताई तुम्ही विनोद केलात पण शब्द अचूक आहे, नाचणीसत्त्व म्हणजे भिजवून वाटून गाळून उरलेला सार. 
बाळू, गुण म्हणजे इथे चांगला गुण नव्हे आणि परीक्षेतले गुण तर नव्हेच. गुण म्हणजे दोरीही, आणि दोरीचा पदरही. तीन पदर पिळून दोर होतो तशी प्रकृती, पदर काढून टाकले तर दोर नावाची वेगळी वस्तू शिल्लक राहत नाही. १३वी कारिका, सत्त्व हलकं आणि उजेड पाडणारं, रज चालवणारं, ढकलणारं, तम जड आणि झाकणारं. आणि तिघं एकमेकांच्या विरुद्ध असूनही एकत्र काम करतात, दिव्यासारखे. वात, तेल आणि ज्योत यांचं एकमेकांशी पटत नाही पण उजेड तिघांचा मिळून. तम नसतं तर तुम्हाला झोप लागली नसती आणि भिंत उभी राहिली नसती.
कारिकांचा टीकाकार गौडपाद, त्याचं एक उदाहरण आपल्या जूनला चपखल आहे. ढग भरून आले की जगाला बरं वाटतं, शेतकरी कामाला लागतो, आणि विरहात असलेला माणूस सुन्न होतो. ढग तेच. कांदालसणीचा बोर्ड लावणाऱ्यांनी हे वाचावं. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार आहेत हे खरं, पण तिथेही पदार्थांची नावं नाहीत, कांदा नाही लसूण नाही, चव आणि परिणाम सांगितलेत, फार कडू फार आंबट फार तिखट, शिळं, उष्टं असं.
दासबोधात दुसऱ्या दशकात तिन्ही गुणांवर एकेक समास आहे तो वाचा, समर्थांनी माणसंच उभी केलीत, त्यात स्वतःला ओळखून ओशाळायला होतं. मी रजोगुणाच्या समासात सापडलो.

शंकासुर:
आणि देव? एवढ्या चोवीस पंचवीसमध्ये देव कुठे दिसला नाही.

घनपाठी:
नाही. मूळ कारिकांमध्ये ईश्वर नाही, जग चालवायला लागतच नाही. तरी ते आस्तिकांत मोजलं जातं कारण वेद प्रमाण मानतात, आस्तिक या शब्दाचा जुना अर्थ तो. (वेदातल्या यज्ञांनी दुःख कायमचं जात नाही असंही दुसऱ्याच कारिकेत सुनावलंय, त्यामुळे मोठे बेरकी आस्तिक.) योगाने मात्र ईश्वर आणला, पण कसा? क्लेश, कर्म, त्याचं फळ, संस्कार यांनी न शिवलेला एक विशेष पुरुष, योगसूत्र १.२४. जग निर्माण करणारा नाही, पूर्वीच्यांचाही गुरू. आणि त्याचं प्रणिधान, म्हणजे त्याला वाहून घेणं, हाही एक मार्ग, ईश्वरप्रणिधानाद्वा, त्यातला वा महत्त्वाचा. जमलं तर हे, नाहीतर दुसरे उपाय पुढे दिलेच आहेत.
इथे आपल्या पुण्याचा संबंध येतो. ईश्वरकृष्णाचा हा सांख्यकारिका ग्रंथ सप्तती म्हणून ओळखला जातो, सत्तर श्लोकांचा, पण विषयाच्या कारिका मोजल्या तर गौडपादाच्या प्रतीत एकोणसत्तरच भरतात. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ साली गीतारहस्य लिहिलं, १९१५ला छापून आलं, त्यात कापिलसांख्यावर अख्खं प्रकरण आहे. त्यांचं लक्ष गेलं की ६१व्या कारिकेवरचं गौडपादभाष्य त्या कारिकेच्या मजकुरात बसत नाही, तिथे ईश्वर, काल, स्वभाव यांना जगाचं कारण मानणाऱ्यांचं खंडन आहे. म्हणजे मधली एक कारिका गळालीये, बहुधा ईश्वर नाकारते म्हणून कोणीतरी गाळली. मग टिळकांनी भाष्यातल्या शब्दांवरून ती आर्या वृत्तात परत रचून दिली. कारणमीश्वरमेके ब्रुवते अशी सुरू होते. सगळ्या अभ्यासकांनी ती मानली असं नाही, पण तुरुंगात बसून असं काही सुचणं म्हणजे काय डोकं असेल.
आणि एक सावधगिरी. गीतेत जिथे सांख्य आणि योग येतं, सांख्ययोगौ पृथग्बालाः वगैरे, तिथे ही कारिका आणि हे पतंजली घेऊ नका. तिथे सांख्य म्हणजे ज्ञानाची, संन्यासाची वाट आणि योग म्हणजे कर्मयोग, हेही टिळकांनी बजावून सांगितलंय. तेराव्या अध्यायात चोवीस तत्त्वं येतात ती मात्र याच घराण्यातली.

शंकासुर:
देव नाकारणारा श्लोक टिळकांनी परत बसवला? हे शाळेत का नाही सांगत.

सात_बेचाळीसची_फास्ट:
डोकं गरगरतंय पण मजा येतेय. एक प्रॅक्टिकल विचारू? एवढंच जर कळून सुटायचं असेल तर आसनं कशाला? मी गुडघा उगाच दुखवला का?

रानमेवा:
आसनांवर १९५ सूत्रांपैकी (काही प्रतींत १९६) तीन सूत्रं आहेत हो. स्थिरसुखमासनम्, स्थिर आणि सुखाचं असेल ते आसन, आणि त्यात गुडघा दुखणं बसत नाही 😀 आज क्लासमध्ये करतो ती बरीचशी हठयोगाच्या वाटेनं आलेली. फेकून द्यायची नाहीत, तलाठ्याला जरा शांत बसवायला उपयोगी. पण सांख्य आणि योगात फरक म्हणाल तर तो इथेच, सांख्य म्हणतं नीट विचार करून ओळखा, योग म्हणतो ओळखलंत तरी सवय जात नाही, रोज बसा. १.१४ पाठच करा, दीर्घकाळ, खंड न पडता, आदराने. तीन अटी आहेत, मी दुसरीत नापास.
आणि लोणावळ्याला चिक्की घ्यायला जाता तेव्हा कैवल्यधामाची पाटी बघा एकदा, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली सुरू केलेलं. योगावर प्रयोगशाळेत काम करणाऱ्या संस्थेचं नाव कैवल्य, म्हणजे तुमचं ते एकटं असणं.

आंबोळी:
कैवल्य हे मुलाचं नाव ठेवणारे माझ्या ओळखीत तीन आहेत. एकालाही अर्थ विचारला नाही ते बरं.

सात_बेचाळीसची_फास्ट:
अपडेट. गुडघा बरा, कालपासून क्लास सुरू. ताईंना हळूच भोजराजाचा तो श्लोक दाखवला, माळकरींचा मुद्दाही सांगितला. वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या मला कोर्समध्ये जे शिकवलं ते मी सांगते, पण हे लिहून दे. आज शवासनात मीलन वगैरे काही बोलल्याच नाहीत, गप्प बसल्या. तर त्या शांततेत मागच्या रांगेतले एक काका घोरायला लागले. झोप ही पण वृत्तीच ना? १.६ मध्ये पाचात मोजलीये.

घनपाठी:
हो. आणि १.१०मध्ये व्याख्या आहे, अभावप्रत्ययालम्बना, काहीच नाही या जाणिवेचा आधार घेणारी. निरोध तिचाही करायचा, काकांना उठवा.